अळंबी खुडायच्या आधी वारूळ बघा

जुलै लागला की फोनवर अळंब्यांचे फोटो यायला लागतात. टोपलीतली, पानात बांधलेली, खोबऱ्याच्या वाटपात घातलेली, आणि खाली ठरलेले प्रश्न, कुठे मिळाली आणि रेट काय. आवडीने खाणारे आम्ही सगळे, मी पण त्यातलीच, त्यात काही वावगं नाही. पण ज्या वारुळावर ती अळंबी उगवते त्या वारुळाचा फोटो सहसा कोणी पाठवत नाही, आणि खरी गोष्ट तर तिथेच चाललेली असते. म्हणून आज वारुळाबद्दल लिहिते.

जागा सांगायची तर दक्षिण सिंधुदुर्ग, सातेरीच्या देवळामागची राई. गावाचं नाव मुद्दामच देत नाही, आमच्याकडे अळंबीची जागा माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही तर मी नेटवर कुठे सांगणार. आमच्या भागात आणि गोव्यात बऱ्याच ठिकाणी सातेरी देवी वारुळाच्या रूपातच पुजली जाते, काही देवळांत तर गाभाऱ्यातच वारूळ आहे, त्यामुळे देवीच्या राईतल्या वारुळाला सहसा कोणी कुदळ लावत नाही. आणि म्हणूनच जुनी, उंच, धड राहिलेली वारुळं बघायची तर अशा राईतच जावं लागतं, बाहेर काजू-रबरच्या लागवडीसाठी डोंगर साफ करताना जेसीबीचं पहिलं पातं यांच्यावरच फिरतं.

आता आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वारूळ नागाचं नसतं आणि मुंग्यांचं पण नसतं, ते वाळवीचं असतं. नाग, मुंग्या, सरडे, पाली हे सगळे नंतर राहायला येतात, आयत्या घरात. आपल्याकडची जी उभी, कंगोरे असलेली वारुळं दिसतात ती बहुतेक ओडोंटोटर्मिस या वाळवीची असतात. हिच्या सैनिकाच्या डाव्या जबड्यावर आतल्या बाजूला एक दात असतो, दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग असेल तर दिसतो. वारुळाची एखादी कड पावसाने ढासळली असेल तर तिथे हळूच बसायचं, कामकरी वाळवी तोंडात ओल्या मातीचा गोळा घेऊन येते, ठेवते, दाबते, मागे फिरते, आणि मधेमधे हे दातवाले सैनिक जबडे उघडून उभे. बोट न लावता नुसतं बघत राहिलं तर ती भेग आपल्यासमोर बुजते.

वाळवी म्हटलं की आपल्याला दाराची चौकट आणि पुस्तकांचं कपाट आठवतं, पण जगात वाळवीच्या सुमारे ३००० जाती आहेत आणि घराला-पिकाला त्रास देणाऱ्या त्यात थोड्याच. राईतली वाळवी पडलेला पाचोळा, सुक्या काटक्या, मेलेली लाकडं खाते. खाते म्हणजे काय, तर पूर्ण पचवू शकत नाही. लाकडात जे लिग्निन असतं, ज्याने लाकूड कडक होतं, ते पचवणं हिच्या पोटाच्या आवाक्याबाहेरचं. मग हिने काय केलंय तर शेती केलीय, बुरशीची. आणि ही शेती माणसाच्या शेतीहून फार फार जुनी आहे, साधारण ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झालेली.

ही शेती मला जवळून बघायला मिळाली ती रस्ता रुंद करायला डोंगराची कड कापली होती तेव्हा. लाल मातीच्या उभ्या भिंतीत नारळाएवढे पोकळ कप्पे उघडे पडले होते, आतून लिंपल्यासारखे गुळगुळीत, आणि प्रत्येक कप्प्यात मधोमध एक करड्या-तपकिरी रंगाचा गोळा, अक्रोडाच्या गरासारखा घड्याघड्यांचा. भिंतीला चिकटलेला नाही, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून बसवलेला. हाताला एकदम हलका, स्पंजासारखा, जरा दाबला की भुगा. आणि त्या घड्यांच्या आत सगळीकडे पांढरे शुभ्र बारीक मणी, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे. त्याला अळंबीचाच वास येतो, पावसात ओल्या पाचोळ्याखाली येतो तो वास, पण दाट.

तो गोळा म्हणजे वाळवीचं शेत. कामकरी वाळवी बाहेरून पाचोळा चावून खाऊन येते, तो अर्धवट पचलेलाच बाहेर टाकते आणि त्याच्या बारीक गोळ्या रचत रचत शेत वरून वाढवत नेते. त्यात टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढते, लिग्निन मोडून टाकते, आणि काही आठवड्यांनी तोच माल खाण्यालायक होतो, मग वाळवी जुन्या, खालच्या बाजूने शेत खात येते. ते पांढरे मणी तरुण कामकरी खातात, मण्यांतले बीजाणू पोटातून न पचता तसेच बाहेर येतात आणि नव्या थराला विरजण लागतं. एवढं सगळं चालायला आत ऊब लागते, साधारण ३० अंशांच्या आसपास, आणि भरपूर दमटपणा. शिवाय हवा खेळती पाहिजे, कारण बुरशी आणि लाखो वाळव्या श्वास घेत असतात. वारुळाला बाहेरून मोठं भोक कुठेच नसतं, मग हवा जाते कशी? २०१५ साली बेंगळुरूतल्या ओडोंटोटर्मिसच्या वारुळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसा उन्हाने बाहेरचे कंगोरे तापतात, त्यांच्यातली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली येते, रात्री कंगोरे गार पडतात आणि प्रवाह उलटा फिरतो, आणि जमलेला कार्बन डायऑक्साइड भिंतींच्या बारीक छिद्रांतून निघून जातो. म्हणजे ते कंगोरे नुसती नक्षी नाही. हे कळल्यापासून मी भर दुपारी वारुळाच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या कंगोऱ्यांना हात लावून बघते, फरक हाताला कळतो.

आता पावसाळ्याकडे येऊ.

मे अखेरचा वळीव किंवा जूनचा पहिला दणका पडून गेला की एखाद्या संध्याकाळी हवा कुंद असते, वारा पडलेला असतो, आणि वारुळावर अचानक हालचाल दिसते. कामकरी आतून भिंतीला चिरा पाडतात, चिरेच्या दोन्ही कडांना सैनिक रांगेने उभे राहतात आणि मग मधून पंखवाली वाळवी, म्हणजे पाखरं, बाहेर पडायला लागते. आधी चार-पाच, कडेवर जरा थबकतात, मग धूर निघावा तशी एकदम. घरात आपल्या ट्यूबलाइटभोवती जमतात त्या ह्याच. राईत मात्र सगळ्यांची पंगत असते, कोतवाल हवेतल्या हवेत टिपतात, बुलबुल, साळुंक्या फांदीवरून झेपा घेतात, खाली बेडूक वारुळाच्या पायथ्याशीच बसून असतात, त्यांना उडी पण मारावी लागत नाही, आणि अंधार पडला की वटवाघळं. ज्या वाचतात त्या जमिनीवर उतरतात आणि पंख झाडून टाकतात. अगदी बघण्यासारखं आहे हे, पाठीचा एक झटका आणि चारही पंख बुंध्याशी तुटून बाजूला पडतात. मग मादी चालायला लागते आणि नर तिच्या पाठोपाठ, इतका चिकटून की मिशा तिच्या पोटाला टेकलेल्या, ती वळली की हा वळतो, अशी जोडी पानाखाली ढेकळाखाली जागा शोधत फिरते आणि मऊ माती मिळाली की खणून आत जाते. वरून दार बंद. झाले नवे राजा-राणी.

पण त्यांच्याजवळ बियाणं नसतं! बुरशी सोबत नसते. काही वाळव्यांचं वेगळं आहे, मायक्रोटर्मिसची राणी पोटात बुरशी घेऊनच उडते, पण आपल्याकडच्या मोठ्या वारुळवाल्या ओडोंटोटर्मिसचे राजा-राणी रिकाम्या हाताने निघतात. जमिनीखाली अंडी, मग पिल्लं, मग पहिले कामकरी, ह्यात काही आठवडे जातात, तोपर्यंत राजा-राणी आपल्या अंगातल्या साठ्यावर सगळं भागवतात. आणि मग ते पहिले कामकरी बाहेर पडतात पाचोळा आणायला, तेव्हा जमिनीवर त्यांना टर्मिटोमायसिसचे बीजाणू मिळायला हवेत. ते मिळाले तर शेत लागलं, नाही मिळाले तर ते घर संपलं.

बीजाणू कुठून येतात? जुन्या वारुळांवर उगवलेल्या अळंब्यांतून. त्या उघडतात बरोबर पाऊस मुरल्यावर, पाखरं उडून काही आठवडे झाल्यावर. जून-जुलै-ऑगस्टचं हे सगळं गणित असं एकात एक अडकलेलं आहे, आणि मला वाटतं आपल्या राईत इतकं थक्क करणारं दुसरं काही नाही.

अळंबी वर येते ती पण बघण्यासारखी. वारुळाची माती कडक असते, पावसानंतरही, तर ही टोकदार डोकं घेऊन येते. छत्री मिटलेली, आणि वर मधोमध भाल्यासारखं कडक टोक, बाकी छत्री फिकट असली तरी हे टोक गडद करडं-तपकिरी. छत्री पूर्ण उघडली तरी ते टोक मधे तसंच उभं राहतं, लांबून ओळख त्यावरूनच पटते. खाली देठ मातीत जातो आणि जातच राहतो. एकदा पावसाने कड ढासळून एक देठ उघडा पडला होता, त्याच्या बाजूने बघत गेले तर हातभर खाली, बारीक आणि काळपट होत होत, थेट एका शेताच्या गोळ्यात शिरलेला. म्हणजे वर दिसते ती अळंबी वाळवीच्या शेतातून निघालेली असते, जमिनीतून नव्हे. म्हणून काठीने उकरून, मुळापासून ओढून काढणाऱ्यांना मी दरवेळी थांबवते. वरच्या वर हाताने फिरवून काढली की शेताला धक्का लागत नाही.

उघडल्यावर खालच्या पडद्या आधी पांढऱ्या असतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी झाक येते, ती बीजाणूंची. एखादी जुनी, मलूल झालेली छत्री घरी आणून काळ्या कागदावर पालथी ठेवा, वर वाटी झाका, सकाळी कागदावर फिक्या गुलाबी रेघांचं चक्र उमटलेलं असतं, एकेका रेघेत लाखो बीजाणू. राईत ही छत्री दोन-तीन दिवसांत संपते. पडद्यांच्या फटीत बारीक माश्या अंडी घालून जातात, लांबोडे काळे भुंगेरे पोट वर उचलून धावत असतात, रात्री गोगलगायी येऊन कडा कुरतडतात, पाऊस जोरात आला की सगळं बसतं आणि काळं पाणी होऊन मातीत मुरतं. मला ह्या अवस्थेतल्या अळंब्या बघायला सगळ्यात जास्त आवडतात, भाजीच्या दृष्टीने त्या वाया गेलेल्या असतात पण वारुळाच्या दृष्टीने कामाला लागलेल्या.

आणि नेमका इथेच बाजार आडवा येतो. बाजाराला कळी पाहिजे. मिटलेली, टणक, टिकाऊ. उघडलेल्या छत्रीला भाव कमी. गोव्यात रोयण अळमी म्हणून जी विकतात, पानात बांधून, रस्त्याच्या कडेला, तिथेही हेच. म्हणजे पहाटे बॅटरी घेऊन जाणारा माणूस कळ्या सगळ्या घेऊन येतो आणि त्या वारुळावर त्या वर्षी एकही छत्री उघडत नाही, एकही बीजाणू पडत नाही. ह्या अळंबीची धिंगरी मशरूमसारखी पोत्यात किंवा शेडमधे लागवड होत नाही, वाळवीशिवाय ती वाढतच नाही, त्यामुळे जे काही मिळणार ते रानातूनच. अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाईच आहे, गोव्यात वनखातं त्याची आठवण करून देत असतं, आणि गोव्यातले डॉ. नंदकुमार कामत हे कवकशास्त्रज्ञ या अळम्या वाचवण्यासाठी कित्येक वर्षं लिहीत-बोलत आलेत. पण आमच्या गावातली राई अभयारण्यात नाही, तिथे ही मनाई नाही, तिथे माणसाचं माणसाने ऐकलं तरच.

आमच्या वाडीतली एक काकी आहे, अळंबी हुडकण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले तेव्हा मी भराभर खुडायला लागले तर म्हणाली, "सगळी काढू नको गो, चार थंयच रवांदेत, देवीची आसत ती." ती बीजाणूंचा विचार करून बोलत नव्हती, देवीचा वाटा देवीला इतकंच तिच्या मनात. पण ती ज्या वारुळांवर जाते तिथे दरवर्षी अळंबी असते आणि तिथल्या त्या "देवीच्या" छत्र्या उघडून, गळून, मातीत जातात, हे मी डोळ्यांनी बघतेय.

खाण्याबद्दल एक सांगायलाच पाहिजे. माझं हे वाचून किंवा कुठलाही फोटो बघून रानातली अळंबी ओळखून खाऊ नका. बागेत, लॉनवर, शेणखताच्या ढिगावर पावसात मोठी पांढरी छत्री येते, दिसायला देखणी, तिच्या पडद्या जून झाल्यावर हिरवट होतात, ती विषारी, उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. कोवळेपणी मात्र पडद्या पांढऱ्याच असतात त्यामुळे फसायला होतं. वर्षानुवर्षं काढणारं माणूस सोबत असल्याशिवाय नाहीच.

वारुळावर बघण्यासारखं अजून बरंच असतं. एक तर मुंग्यांच्या धाडी. पाऊस उघडला की काळ्याभोर चकचकीत, सेंटिमीटरभर लांबीच्या मुंग्यांची रांग पाचोळ्यातून शिस्तीत येते, लेप्टोजेनिस त्यांचं नाव, कुठे तरी उघडी राहिलेली मातीची नळी सापडली की आत घुसतात आणि परत निघतात तेव्हा प्रत्येकीच्या जबड्यात एकेक वाळवी. आत सैनिक वाट अडवून उभे राहतात, मागून कामकरी घाईने माती थापून बोळच बंद करतात, पुढे राहिलेले सैनिक गेले ते गेले. ह्या मुंग्यांना बोट लावू नका, डंख चांगलाच असतो.

दुसरं म्हणजे ती बारकी अळंबी, नखाएवढी पांढरी, शेकड्याने एकाच जागी उगवलेली, सडा घातल्यासारखी. तीही टर्मिटोमायसिसच, पण तिची तऱ्हा वेगळी. वाळवी शेताचे बारीक तुकडे स्वतःच उचलून वर आणते आणि जमिनीवर पसरते, आणि त्या तुकड्यांवर ती उगवते. पाचोळा जरा बाजूला केला की खाली ते तपकिरी कण दिसतात.

आणि तिसरं, माझं सगळ्यात आवडतं, पण ते बघून वाईट पण वाटतं. त्या कापलेल्या कडेचा शेताचा एक छोटा तुकडा, नाहीतरी उन्हात वाळून जाणार होता, मी घरी आणून डब्यात ओल्या कागदावर ठेवला होता. वाळवी नव्हती त्यात. थोड्याच दिवसांत टर्मिटोमायसिस मागे पडली आणि दुसरीच बुरशी, झायलारिया, सगळ्या तुकड्यावर पसरली, तिचे कोंब वर यायला लागले, खाली काळे आणि टोकाला पांढरे. हे तण शेतात कायम असतं, झोपलेलं. वाळवी जिवंत असते तोवर त्याला डोकं वर काढू देत नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ह्यावर काम झालंय, तिथे दिसलं की ओडोंटोटर्मिसच्या कामकरींना तणाच्या बुरशीचा वास वेगळा ओळखता येतो आणि त्या तिला माती घालून पुरून टाकतात. म्हणजे निंदणी खुरपणी सगळं आहे त्या शेतात. राईच्या कडेच्या एका मोठ्या वारुळावर गेल्या पावसात त्या काळ्या बोटांसारख्या काड्या उभ्या दिसल्या, डझनावारी, वारुळाच्या पोटातून आलेल्या, आणि तेव्हा कळलं की आत आता कोणी नाही. राणी गेली असेल, किंवा बाजूच्या बागेत वाळवीचं औषध ओतलं होतं ते झिरपलं असेल. त्या वारुळावर माझ्या आठवणीत दरवर्षी अळंबी यायची, यंदा नव्हती. कडेला रानहळदीचे गुलाबी तुरे मात्र जोरात होते, आणि कळलावीचा वेल वरपर्यंत चढलेला.

आता तुम्हाला बघायचं असेल तर फार काही लागत नाही. राईत, शेताच्या बांधावर, शहरात असाल तर टेकडीवर, एक वारूळ निवडा आणि त्याच्याचकडे परत परत जा, रोज नवीन जागा धुंडाळत बसू नका. भिंग घ्या, मोबाईलला लावायची स्वस्तातली मॅक्रो लेन्स मिळते ती पण चालते. अळंबीचा फोटो वरून एकच न काढता पडद्यांचा, टोकाचा, देठ मातीत शिरतो तिथला, असे तीन-चार काढा, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाकलात तर ओळखणाऱ्याला तेच लागतात. उकरू नका, वारूळ फोडून आत बघू नका, पावसाने किंवा जेसीबीने उघडलेली कड कुठे ना कुठे मिळतेच. आणि जूनमधे पाखरं कुठल्या संध्याकाळी उडाली आणि पहिली छत्री कुठल्या दिवशी उघडली ह्या दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. मी आमच्या राईच्या लिहायला लागलेय, काकीला पण विचारून विचारून मागच्या वर्षांच्या काढतेय, तिला तारखा आठवत नाहीत पण नक्षत्रं बरोबर आठवतात, मृगात पाखरं आणि आर्द्रा-पुनर्वसूत अळंबी, आणि ज्या वर्षी मृग कोरडा गेला त्या वर्षी काय झालं हे ती न अडखळता सांगते.